संगणक सुरू होतोय, थोडं थांबा

आमच्या वाचनालयातले दोन संगणक सुरू व्हायला तसा फार वेळ घेत नाहीत. पण तेवढ्या वेळात पडद्यावर जे दिसायचं, त्याने माणसं धास्तावायची. सगळा पडदा काळा, वर डाव्या कोपऱ्यात इंग्रजीच्या दोन-तीन पांढऱ्या ओळी, त्यात एके ठिकाणी ‘एरर’ हा शब्द, आणि खाली नुसती लुकलुकणारी रेघ. सातबारा पाहायला येणारे एक आजोबा तिथूनच हाक मारायचे, “काय गो, ह्यो बिघाडलो मरे?” हाक मारणारे परवडले. बाकीचे काही न बोलता पॉवरचं बटण दाबून धरत, संगणक बंद करून पुन्हा लावत, पुन्हा तेच दिसलं की पुन्हा बटण. डिस्कवर काही लिहिलं जात असताना असा मध्येच गळा दाबला तर फाइल सिस्टमला, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींच्या मांडणीला, ते सोसत नाही. आमच्या एक्स्ट४ या फाइल सिस्टमचं जर्नल, म्हणजे काय लिहायचं आहे याची तिने आधीच ठेवलेली नोंद, बहुतेक वेळा सावरून घेतं. पण दर वेळी घेईलच, या भरवशावर सार्वजनिक संगणक सोडून देता येत नाही.

म्हणून बूट स्प्लॅश बसवायचं ठरवलं. संगणक चालू केल्यापासून लॉगिनची चौकट येईपर्यंत पडद्यावर जे चित्र दिसतं, ते हे. हलक्या ऑपरेटिंग सिस्टमवर असलं नटणं-मुरडणं कशाला, असं लिनक्स वापरणारे पुष्कळ जण म्हणतात. स्वतःच्या लॅपटॉपवर मीही ते बसवलेलं नाही. पण दहा माणसं हाताळतात त्या संगणकावर, “थांबा, काम चालू आहे” एवढं माणसाला त्याच्या भाषेत सांगणं ही शोभा नाही, गरज आहे. आणि जे सांगायचं ते मराठीत दिसलं पाहिजे, याबद्दल माझ्या मनात पहिल्यापासून शंका नव्हती. सगळी खटपट झाली ती नेमकी त्या मराठीपायीच.

आधी यंत्रांबद्दल. गाव देवगड तालुक्यात, समुद्राला लागून. दोन्ही संगणक मुंबईच्या चाकरमान्यांनी गणपतीला येताना गाडीत घालून आणलेले. एक कोअर टू ड्युओवाला, दोन जीबी रॅमचा. दुसरा अगदी छोटा, अ‍ॅटम प्रोसेसरचा, ३२ बिटचा. दोघांवर विंडोज ७ होतं, ज्याचा आधार १४ जानेवारी २०२० लाच संपला. विंडोज १० या यंत्रांना पेलवणारं नव्हतं, आणि त्याचाही आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून डेबियन १२ हे लिनक्सचं वितरण, म्हणजे तयार संच, टाकलं आणि वर एलएक्सडीई डेस्कटॉप. डेबियन १३ आलं आहे, पण त्यात ३२ बिटच्या पीसीसाठी कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) आणि इन्स्टॉलर देणं बंद झालं. छोट्या संगणकासाठी १२ हाच शेवटचा थांबा. दोन्ही यंत्रांची व्यवस्था एकसारखी राहावी म्हणून मोठ्यावरही १२च ठेवलं. जुन्या हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्या. खाऱ्या हवेने रॅमच्या पट्टीच्या कडा काळवंडतात, त्या खोडरबराने घासून घेतल्या. इथे किनाऱ्यावर जुना संगणक हातात आला की पहिलं काम हेच.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी आवरलेली, माणसं घरी. वाचनालयात सगळ्यात जास्त वर्दळ याच दिवसांत असते, आणि वीजही सगळ्यात जास्त याच दिवसांत जाते. त्यामुळे हे काम मे महिन्यातच उरकायला हवं होतं.

लिनक्सवर स्प्लॅश दाखवण्याचं काम प्लायमाउथ करतो. रेड हॅट या कंपनीतल्या रे स्ट्रोड यांनी तो प्रामुख्याने घडवला, आणि नोव्हेंबर २००८ मधल्या फेडोरा १० या वितरणात तो पहिल्यांदा आला. त्याआधी फेडोरात निव्वळ ते एक चित्र दाखवण्यासाठी अख्खा एक्स सर्व्हर (डेस्कटॉपच्या खिडक्या-चित्रं दाखवणारी यंत्रणा) उठवावा लागे. प्लायमाउथने कर्नल मोड सेटिंगचा आधार घेतला. म्हणजे पडद्याचं रिझोल्यूशन ठरवण्याचं काम कर्नलमधला ग्राफिक्स ड्रायव्हर स्वतःच करतो, आणि प्लायमाउथ थेट त्याच्यावर चित्र काढतो. एप्रिल २०१० च्या उबुंटू १०.०४ नेही तोच घेतला. आज बहुतेक मोठ्या वितरणांत तो मिळतो, डेबियनमध्येही आहे.

सुरुवात सोपी आहे. प्लायमाउथ आणि प्लायमाउथ-थीम्स ही दोन पॅकेजं टाकली. ग्रब म्हणजे संगणक लावल्यावर कर्नलला उठवणारा प्रोग्राम. त्याच्या सेटिंगच्या फाइलीत, कर्नलला सूचना देणाऱ्या ओळीत ‘क्वाएट’ आधीपासून होतं, त्याच्यापुढे ‘स्प्लॅश’ लिहिलं. मग अपडेट-ग्रब चालवून संगणक पुन्हा सुरू केला. चित्र आलं, पण कधी, तर डेस्कटॉप येण्याच्या जेमतेम एक श्वास आधी. त्यापूर्वीचा काळा पडदा, त्या ओळी, तो एरर, सगळं जसंच्या तसं. ज्या वेळात माणसं बटणाकडे हात नेतात, तो वेळ तसाच उघडा राहिला होता.

याचं कारण समजून घेतलं की पुढचं सगळं समजतं. कर्नल सुरू झाल्या झाल्या त्याला खरी डिस्क वाचता येत नसते. म्हणून ग्रब त्याच्यासोबत एक छोटा फाइलसंच मेमरीत उतरवतो, त्याला इनिट्रॅमएफएस म्हणतात. डिस्क जोडली जाईपर्यंत कर्नलला लागेल ते सगळं त्यातच असावं लागतं. रात्रीच्या गाडीने मुंबईला निघालेल्या माणसाच्या शिदोरीसारखं आहे हे: घरून जे बांधून घेतलं तेवढंच वाटेत मिळणार. आमच्या दोन्ही यंत्रांत इंटेलचं ग्राफिक्स, त्याचा ड्रायव्हर आय९१५. तो इनिट्रॅमएफएसमध्ये वेळेवर उचलला जात नव्हता. डिस्क जोडल्यावर आपल्या सवडीने यायचा. ड्रायव्हर नाही तर प्लायमाउथ चित्र कशावर काढणार? इनिट्रॅमएफएसच्या मॉड्यूल्सच्या (कर्नलला जोडायच्या भागांच्या) यादीत आय९१५ हे नाव वाढवलं आणि इनिट्रॅमएफएस नव्याने बांधून घेतला. पुढच्या वेळी ग्रबची पाटी गेल्याबरोबर चित्र हजर.

इथे एक सांगून ठेवते, कारण यात लोकांचा फार वेळ जातो. थीममध्ये तुम्ही काहीही बदला, इनिट्रॅमएफएस पुन्हा बांधल्याशिवाय ते दिसणार नाही, कारण सुरुवातीला वाचली जाते ती त्यातली प्रत. थीम निवडण्याच्या आज्ञेला मोठा आर हा पर्याय जोडला की ती दोन्ही कामं एकदम करते. आणि आपली चित्रं खरोखर आत गेली का, हे एलएस-इनिट्रॅमएफएस या आज्ञेने यादी काढून बघता येतं. पडद्यावर काही दिसलं नाही की आधी ती यादी बघावी, मग डोकं खाजवावं.

तयार थीममध्ये गोल फिरणारी ठिपक्यांची चक्री वगैरे छान आहेत. पण आम्हाला आपलं चित्र हवं होतं. वाचनालयात येणाऱ्या नववीतल्या एका मुलीने ते काढलं: डावीकडे मालवणचा धक्का, उजवीकडे पाण्यात सिंधुदुर्ग, आणि मधल्या पाण्यात एक शिडाची होडी. होडी वेगळ्या कागदावर काढून घेतली, कारण ती हलवायची होती. पोस्टर कलरचं चित्र स्कॅन केलं, गिंप या चित्रांच्या प्रोग्राममध्ये होडीच्या भोवतीचा कागद पुसून पारदर्शक केला. हे काम करताना तिने माझ्याआधी एक गोष्ट हेरली. “ताई, होडी किल्ल्याकडे जातेय ना, मग नाळ (पुढचं टोक) तिकडे हवी आणि शीड असं फुगलेलं हवं.” मी नुसती होडी पाहत होते, ती वारा पाहत होती. तिने शीड पुन्हा काढलं.

थीम म्हणजे एक फोल्डर. त्यात एक छोटी वर्णनाची फाइल, एक स्क्रिप्टची फाइल आणि पीएनजी चित्रं. प्लायमाउथची स्क्रिप्टभाषा लहानशी आहे, सी किंवा जावास्क्रिप्ट थोडीफार ओळखणाऱ्याला एका बैठकीत जमते. चित्र उचलायचं, त्याचा स्प्राइट, म्हणजे पडद्यावर हलवता येणारा तुकडा, करायचा, आडवी-उभी जागा सांगायची, हवं तेव्हा दाखवायचा, नको तेव्हा पारदर्शक करायचा. एवढ्यावर सगळं होतं. आमच्या एका मॉनिटरचं रिझोल्यूशन १३६६ गुणिले ७६८, दुसरा जुना चौकोनी, १०२४ गुणिले ७६८. पडद्याची रुंदी-उंची विचारून घेतली, दोन्ही गुणोत्तरांतलं लहान ते धरून चित्र बसवलं, म्हणजे किल्ला ताणला जात नाही. जी जागा उरते तिथे वर आभाळाचा आणि खाली पाण्याचा रंग. पार्श्वभूमीला वरचा आणि खालचा असे दोन रंग देण्याची सोय आहे.

आता मराठी. स्क्रिप्टमध्ये मजकुराचं चित्र बनवून देणारी एक सोय आहे. तिला प्लायमाउथ-लेबल हे पॅकेज लागतं. तिथे देवनागरीत ओळ लिहिली आणि पडद्यावर आले ते रिकामे चौकोन. सगळ्या अक्षरांच्या जागी एकसारखे चौकोन, ओळीने मांडलेले. डेस्कटॉपवर मराठी व्यवस्थित दिसते, ब्राउझरमध्ये दिसते, मग इथे का नाही? कारण तेच, शिदोरी. डेबियन इनिट्रॅमएफएसमध्ये डेजाव्हू सॅन्स हा फाँट भरतो, आणि त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. ज्या क्षणी प्लायमाउथ बोलू लागतो, त्या क्षणी यंत्राजवळ मराठीचं एकही अक्षर नसतं.

यावर दोन वाटा आहेत. एक, इनिट्रॅमएफएस बांधताना देवनागरी फाँटही आत जावा अशी छोटी हुक स्क्रिप्ट लिहायची. दुसरी, मजकूर आधीच अक्षरांचं चित्र म्हणून बनवून ठेवायचा. पहिलीने कुठलाही मजकूर ऐन वेळी दाखवता येतो, पण ती प्रत्येक यंत्रावर सांभाळत बसावी लागते. आमची वाक्यं ठरलेली, मोजकी. मी चित्राची वाट धरली. त्यात अक्षरं कशी दिसतील यावर पूर्ण ताबा आपला राहतो, आणि तो हवाच होता, हे पुढे लगेच कळलं.

वाचनालयाचं काम पाहणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. पहिलं चित्र दाखवलं तर त्यांनी ‘वाचनालय’ या शब्दावर बोट ठेवलं. “हा ल आपला नाही. मुलांना आम्ही असा ल शिकवत नाही.” खरंच होतं. उजवीकडे उभी दांडी असलेला हिंदी वळणाचा ल होता तो. शाळेच्या भिंतीवर, पाठ्यपुस्तकात, एसटीच्या पाटीवर दिसतो तो पाकळीचा ल वेगळा. ‘श’चंही तसंच. संगणकावर वर्षानुवर्षं हिंदी वळण बघून माझे डोळे सरावले होते. बाईंचे सरावलेले नव्हते, आणि पहिलीतल्या मुलाचेही नसतात.

काही युनिकोड फाँटांत दोन्ही वळणं असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं तरच मराठीचं वळण पुढे येतं, नाहीतर हिंदीचं. लिबरऑफिस ड्रॉमध्ये अक्षराच्या गुणधर्मांत भाषा ठरवता येते. ओळ निवडली, भाषा मराठी केली, आणि डोळ्यांसमोर ल बदलला: दांडी गेली, दोन पाकळ्या आल्या. ज्या फाँटात ही सोय नव्हती तो सोडून दिला. मग ओळ पारदर्शक पार्श्वभूमीवर पीएनजी म्हणून बाहेर काढली. जाडी थोडी जास्तच ठेवली; चौकोनी मॉनिटरवर लहान केल्यावर मात्रा आणि अनुस्वार बारीक होऊन विरतात. रफार किंवा जोडाक्षर असेल तर ते मॉनिटरपासून दोन हात मागे सरून वाचून बघावं, कारण आजोबा चष्मा काढून तिथूनच वाचतात.

मजकूर ठरवताना बाई, ती मुलगी आणि मी बसलो होतो. ‘कृपया प्रतीक्षा करा’ बाद झालं. ते बँकेच्या रांगेतलं वाटतं. ‘संगणक सुरू होतोय, थोडं थांबा’ हे ठरलं, आणि त्याखाली लहान अक्षरांत ‘बटण दाबू नका’.

होडी हलवण्याची गंमत वेगळीच. प्लायमाउथ सुरू होण्यातली प्रगती शून्य ते एक अशा आकड्यात स्क्रिप्टला देत राहतो. तो आकडा धक्का ते किल्ला या अंतराने गुणला की होडीची जागा मिळते. हा आकडा तो आणतो कुठून? मागच्या वेळी सुरू व्हायला किती वेळ लागला याची नोंद तो डिस्कवर ठेवतो आणि त्यावरून अंदाज बांधतो. पहिल्या वेळी नोंद नसते, तेव्हा होडी वेडीवाकडी धावते. पुढच्या वेळेपासून संथ चालते. एखादं नवं अपडेट टाकल्यावर सुरुवात लांबली तर होडी किल्ल्याजवळ जाऊन अंमळ रेंगाळते. याला माझी हरकत नाही. खऱ्या होड्याही लाटा बघून थांबतात.

थीम तपासायला दर वेळी संगणक बंद-चालू करायची गरज नाही. कंट्रोल, आल्ट आणि एफ२ दाबून मजकुराच्या कन्सोलवर जायचं, लॉगिन व्यवस्थापक थांबवायचा, रूट (सगळे अधिकार असलेलं खातं) म्हणून प्लायमाउथडी हा प्लायमाउथचा मूळ प्रोग्राम सुरू करायचा, मग चित्र दाखवायची आज्ञा, थोडा वेळ थांबून बंद करायची आज्ञा. होडीचं शीड किल्ल्याच्या बुरुजाला कुठे टेकतं, हे सगळं असंच बसवलं.

पण या कामात सगळ्यात जास्त विचार मी ज्यावर केला ती गोष्ट वेगळी आहे. सुंदर चित्र लावून ठेवलं आणि मागे संगणक खरोखरच अडकला असेल तर? तेव्हा ते चित्र खोटं बोलणारं ठरतं. माणूस ‘थोडं थांबा’ वाचून अर्धा तास बसून राहील. काळ्या पडद्यावरच्या ओळी घाबरवत होत्या, पण त्या काही लपवत नव्हत्या. स्प्लॅशने घाबरवणं बंद करावं, लपवणं सुरू करू नये.

म्हणून मुद्दाम बिघाड घडवून पाहिला. सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी एफएसटॅब नावाच्या फाइलीत असते. तिच्यात अस्तित्वात नसलेल्या डिस्कचं नाव घातलं. ही चाचणी कुणी करणार असेल तर आधी रूट खात्याला पासवर्ड दिलेला आहे का ते बघा. रूट बंद असेल तर दुरुस्तीच्या कन्सोलमध्ये आत शिरता येत नाही. संगणक लावला. होडी निघाली, मध्यावर आली, आणि थबकली. सुरू होताना बाकीच्या सगळ्या सेवा उठवणारा सिस्टमडी हा प्रोग्राम त्या नसलेल्या डिस्कची ९० सेकंद वाट पाहतो. तेवढा वेळ पडद्यावर तेच चित्र, तीच ओळ, कशाचीही खूण नाही. एस्केप दाबलं तर चित्र बाजूला होऊन आतल्या ओळी दिसतात, पण हे वाचनालयात कोण दाबणार? ९० सेकंदांनंतर मात्र सिस्टमडीने प्लायमाउथला आवरायला लावलं आणि दुरुस्तीचा कन्सोल समोर आला. म्हणजे गंभीर बिघाडात पडदा आपोआप बाजूला होतो, ही व्यवस्था आधीपासून आहे. इनिट्रॅमएफएसच्या टप्प्यावर काही मुळातच फसलं तरी प्लायमाउथ बाजूला होतो. उरतो तो मधला वेळ, जेव्हा यंत्र वाट पाहत असतं आणि माणूसही.

त्यावर उपाय स्क्रिप्टमध्येच सापडला. प्रगतीच्या आकड्याबरोबरच किती सेकंद झाले हेही तिला मिळतं. आमची यंत्रं निरोगी असताना ज्या वेळात उठतात त्याहून बरीच पुढची मर्यादा ठरवली. ती ओलांडली की पहिली ओळ पारदर्शक होते आणि तिच्या जागी लाल पट्टीवर दुसरं चित्र येतं: ‘नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतोय. बटण दाबू नका. बाईंना सांगा.’ पुन्हा तीच नसलेली डिस्क घालून पाहिलं. होडी थबकली, आणि थोड्या वेळाने पट्टी आली. मला विचाराल तर या सगळ्या थीममधला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे ती लाल पट्टी. एफएसटॅबमधली खोटी ओळ काढून टाकली.

त्या ‘एरर’ शब्दाचंही सांगायला हवं. तो या जुन्या यंत्रांच्या बायोसमधल्या एसीपीआय तक्त्यांतल्या, म्हणजे यंत्राच्या भागांची कर्नलला माहिती देणाऱ्या तक्त्यांतल्या, विसंगतीबद्दल कर्नल देत असलेला शेरा होता. या यंत्रांवर त्याने काही अडत नाही. ‘क्वाएट’ असलं तरी एरर पातळीचे संदेश पडद्यावर येतातच. ग्रबच्या ओळीत लॉगलेव्हल ३ केलं की तेही थांबतात, आणि त्याहून गंभीर असतील तेवढेच येतात. नोंदीतून काही पुसलं जात नाही. जर्नलसीटीएल या आज्ञेने केव्हाही वाचता येतं. लुकलुकणारी रेघ घालवण्याचाही एक पर्याय कर्नलला देता येतो. मात्र मग मजकुराच्या कन्सोलवरही कर्सर दिसेनासा होतो, म्हणून तो मी दिला नाही. आता चित्र इतक्या लवकर येतं की रेघ जाणवत नाही.

संगणक बंद होतानाही प्लायमाउथ येतो, याकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. आमच्याकडे ते फार उपयोगी पडलं. कोकणात आभाळ गडगडायला लागलं की घराघरांत पहिली धाव मेन स्विचकडे. टीव्ही, फ्रिज, राउटर, सगळ्यांचे प्लग उपसले जातात, आणि ते बरोबरच आहे. विजेने जळलेले राउटर या पट्ट्यात हवे तेवढे सापडतील. पण वाचनालयात संगणक बंद करायला सांगितला, पडदा काळा झाला, की लगेच मेन स्विच खाली, आणि यंत्र आत अजून आवराआवर करत असायचं. स्क्रिप्टला आपण सुरू होतोय की बंद होतोय हे विचारता येतं. बंद होताना किनाऱ्यावर ओढलेली होडी आणि ‘संगणक बंद होतोय. हिरवा दिवा विझला की मेन स्विच बंद करा.’ हे लावलं. दोन्ही यंत्रांचा दिवा हिरवा आहे म्हणून हे चालतं; तुमचा निळा असेल तर तसं लिहा.

प्लायमाउथ गेला आणि लॉगिनची चौकट आली, यांच्या मध्ये पडदा क्षणभर काळा होत होता. लॉगिनची चौकट दाखवणाऱ्या लाइटडीएमच्या पार्श्वभूमीलाही तेच किल्ल्याचं चित्र दिलं. तो काळा क्षण पूर्ण गेला नाही, पण आधी आणि नंतर तोच देखावा असल्याने कुणी दचकत नाही. ग्रबचा थांबाही कमी केला. शून्य केला नाही, कारण कधी जुना कर्नल निवडायची वेळ आली तर ती पाटी दिसायला हवी.

यात वेळ किती वाढला, हे हलक्या यंत्रावर कुणीही विचारेल. सुरू होताना कशाला किती वेळ लागला हे सांगणाऱ्या सिस्टमडी-अ‍ॅनालाइझच्या यादीत प्लायमाउथ-क्विट-वेट नावाची एक सेवा बरीच वर दिसते आणि ती पाहून लोक प्लायमाउथ काढून टाकतात. ती सेवा काही काम करत नसते, बाकीची सुरुवात संपायची वाट पाहत बसलेली असते. तिचे सेकंद हे वाढलेले सेकंद नव्हेत. खरा भार ड्रायव्हर आणि चित्रं आत गेल्याने इनिट्रॅमएफएस फुगतो त्याचा. चित्रं अव्वाच्या सव्वा रिझोल्यूशनची ठेवू नयेत. आमची मोठ्या मॉनिटरच्या मापाइतकीच ठेवली आहेत, आणि घड्याळ लावून बघितलं तर आधीच्या आणि आताच्या वेळेत बसलेल्या माणसाला जाणवेल असा फरक नाही.

जूनमध्ये पाऊस लागला, होड्या वर आल्या, वाचनालय भरलं. बटण दाबून धरणं जवळजवळ थांबलं आहे. आजोबा आता होडी पोचेपर्यंत पेपर घडी करून बसतात. एकदा वीज मध्येच जाऊन आल्यावर लाल पट्टी आली, तेव्हा एका मुलाने आत येऊन सांगितलं, “बाई, ह्याका जास्त वेळ लागता असा लिवलाहा.” त्याने पट्टी वाचली होती आणि बटणाला हात लावला नव्हता. एस्केप दाबून पाहिलं, डिस्कची तपासणी चालू होती, ती संपली आणि होडी किल्ल्याला लागली.

कर्नलचं नवं अपडेट आलं की इनिट्रॅमएफएस आपोआप नव्याने बांधला जातो आणि थीम त्यात आपसूक जाते, तेव्हा रोजची देखभाल अशी काही उरत नाही. थीमचं फोल्डर, मूळ चित्रं आणि केलेले बदल मराठीत लिहून एका पेनड्राइव्हवर ठेवले आहेत, तो बाईंच्या कपाटात असतो. शेजारच्या गावच्या शाळेनेही मागितलं आहे. त्यांच्या संगणकांत एनव्हिडियाची जुनी कार्डं आहेत, तेव्हा मॉड्यूल्सच्या यादीत आय९१५ च्या जागी नूवो हा त्या कार्डांचा ड्रायव्हर लिहावा लागेल. त्यांची मुलं किल्ला नको म्हणतात, त्यांना त्यांची खाडी आणि ती ओलांडणारी होडी, म्हणजे ‘तर’, हवी आहे. चित्र दिवाळीच्या सुट्टीत काढून देणार आहेत. ती ‘तर’ डावीकडून उजवीकडे जाईल असं काढा आणि ती वेगळ्या कागदावर काढा, एवढं सांगून आले आहे.